आईचा दुसरा अर्ज

३ जून

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून हे पत्र, आणि तेही रजिस्टर्ड, पोचपावतीसकट. हसू नकोस. बेलिफची मुलगी आहे मी, कागद माणसाच्या हातात पडला की नाही हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुझ्या वर्कशॉपचा पत्ता तुझ्या जुन्या मित्राकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याचं डोकं खाल्लं.

तू घर सोडल्यापासूनच्या तीन वर्षांचं सगळं एका पत्रात मावणार नाही. बाबा अजून घरं रंगवतात, पण आता शिडीवर दुसऱ्याला चढवतात आणि स्वतः खालून ओरडतात. मी एका केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. पदवी घेऊन मी जग बदलणार होते ते तुला आठवत असेल. सध्या लोकांची जन्मतारीख बदलून देते, चुकीची छापली असेल तर. यातही एक प्रकारचा न्याय आहे असं मी स्वतःला सांगते.

खरी बातमी आईची. आई बी.ए. झाली, एकोणपन्नासाव्या वर्षी. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी भिंतीवर माझा फोटो लावला होता ना, त्याच्या शेजारी आता आईचा आहे, माझ्याहून मोठ्या फ्रेममध्ये. मी विचारलं तर म्हणाले, "तू एकविसाव्या वर्षी झालीस, अभ्यासाशिवाय दुसरं काम नव्हतं. ही नोकरी करून, घर करून, मला सांभाळून झाली. त्यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड."

आणि आता बी.ए.च्या मार्कांवर संध्याकाळच्या लॉ कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलंय. सातवं! फॉर्म मी भरला, माझं कामच आहे ते. वीस तारखेच्या आत प्रवेश घ्यायचा. अडचण एकच आहे, आईला यातलं अजून काही माहीत नाही.

तिला न विचारता का भरला म्हणशील. मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर समन्स वाटायला गेले होते. लहानपणी ती तुलाच न्यायची आणि मी रुसून बसायची. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक शिंपीकाका राहतात. दोन मशीनं, पायाखाली सगळीकडे कापडाचे तुकडे. आईनं कागद दिला तसा त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, मला पकडून नेणार का?"

"नाही हो. कोणीतरी तुमच्याविरुद्ध कोर्टात गेलंय. आता कोर्टाला तुमचं म्हणणं ऐकायचंय. हा तारखेचा आकडा बघा." तिनं त्यावर बोट ठेवलं, मोठ्यानं वाचला. "आता तुम्ही म्हणा."

त्यांनी म्हटला.

"पुन्हा."

शाळेतल्या मुलासारखा त्यांनी तो पुन्हा म्हटला. मग विचारलं, "पण मी उत्तरात लिहू काय?"

आणि आई तिथे थांबली. "ते मला सांगता येत नाही, काका. मी फक्त कागद आणते. वकील गाठा. उद्या नाही, आज." आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर रुमालानं मान पुसत म्हणाली, "दर वेळी इथपर्यंतच जाता येतं मला."

तिच्या पिशवीत समन्सांच्या गठ्ठ्याखाली दिवाणी कायद्याचं एक पुस्तक असतं, तपकिरी कव्हर घातलेलं. बसस्टॉपवर वाचते. मी विचारलं तर म्हणाली, "वेळ जायला." दादा, वेळ घालवायला कोणी ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारतं का?

लोकांकडून तारीख म्हणून घ्यायची तिची सवय तीन वर्षांपूर्वीची आहे. दुकान खाली करण्याचं तुझं समन्स तिच्या गठ्ठ्यात आलं तेव्हापासूनची. तू तिला म्हणाला होतास, "दार बंद होतं, इसम आढळला नाही, एवढं लिही. दोन महिने मिळतील." तिनं लिहिलं नाही. तुझ्या मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर, दोन गिऱ्हाइकांसमोर, तुझी सही घेतली आणि निघून आली. तू का बोलत नाहीस ते मला कळतं. पण त्या दिवसानंतर ती काय झाली आहे तेही तुला कळावं असं वाटतं.

एक फोन कर तिला. "आई, तू जा" एवढंच म्हण. बाकीचं मी बघते.

तुझी,
कटकट (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)


९ जून

दादा,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, शेपूट अजून तशीच उडालेली. म्हणजे पत्र पोचलं. फोन काही आला नाही.

मी आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, बाबा ब्रश केरोसीनमध्ये बुडवून बसले होते.

"आई, लॉ कॉलेजच्या यादीत नाव लागलंय. सातवं."

"कोणाचं?"

"तुझं."

बाबा म्हणाले, "संपलं. आता या घरात भांडायची सोय राहिली नाही. प्रत्येक वाक्याला पुरावा मागेल."

आई हसली. दादा, ती अशी हसली की तिला हातातली सुरी खाली ठेवावी लागली. तेवढं अर्धं मिनिट तू बघायला हवं होतंस. ती भिंतीवरच्या फोटोतल्यापेक्षाही लहान दिसत होती. मग तिनं हात पुसले आणि माझा फोन घेतला. फॉर्म वरपासून वाचत खाली आली, प्रत्येक रकाना, आपल्या मजल्याच्या नंबरापर्यंत. शेवटी थांबली.

"ही सही?"

"तुझीच आहे. बँकेच्या अर्जावरून घेतली आणि इथे लावली."

"मी केली का इथे?"

"नाही, पण सही तर तुझीच..."

"मी केली का?"

पहिल्या पत्रात मी तुला हे लिहिलं नव्हतं. मला खरंच त्यात काही वाटलं नव्हतं. दिवसाला चाळीस जणांच्या सह्या मी स्कॅन करते, मागचा पिवळेपणा पुसते, चौकटीत बसतील एवढ्या लहान करते. माझ्या लेखी सही म्हणजे एक चित्र. घाईत असलेली माणसं म्हणतात, "ताई, मागच्या वेळची आहे ना, तीच लावा," आणि मी लावते.

मी शिक्षण, संधी वगैरे भाषण सुरू केलं. बाबा म्हणाले, "टाळ्या वाजवू का?" आईनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे एकजण होता. हसरा, सगळ्यांना बडीशेप वाटायचा. जिने चढायचा कंटाळा, म्हणून बागेतल्या बाकावर बसून लोकांच्या सह्या स्वतःच करायचा. एका बाईला घर गेल्याचं कधी कळलं माहितेय? बाजारातून आली आणि दाराला दुसऱ्याचं कुलूप. त्यालाही वाटायचं, त्यात काय एवढं, सगळे करतात."

"मी कोणाचं घर घेतलं नाही, आई. मी तुला दिलं काहीतरी."

"विचारलंस का मला?"

मग ती पुन्हा बटाट्यांकडे वळली.

तुझी,
कटकट


११ जून

दादा,

आई आज कॉलेजात गेली. प्रवेश घ्यायला नाही, तो रद्द करायला. मी अर्धी रजा टाकून तिच्यामागे धावले. वाटेत एकदाही तिनं मागे वळून बघितलं नाही, पण रस्ता ओलांडताना हात मात्र मागे केला, माझ्यासाठी.

कॉलेजचं ऑफिस म्हणजे एक लांब खोली, लोखंडी कपाटं आणि खिडकीमागे चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई. आईनं आपला नंबर सांगितला आणि म्हणाली, "या फॉर्मवरची सही मी केलेली नाही."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी आईकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. "मुलगी का? अहो, निम्मे फॉर्म असेच येतात. इथे समोर पुन्हा सही करा, झालं."

"मग आधीची कोणाची?"

"आधीची राहू दे ना हो. कोण बघतंय?"

"मी बघितली," आई म्हणाली.

त्या बाई वाईट नव्हत्या. खुर्ची पुढे सरकवून हळू आवाजात सांगितलं, "मावशी, सातवा नंबर आहे तुमचा. सोडलात तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. नंतर रिकाम्या जागांची एक फेरी होते, पण त्यात दोन-तीन जागा असतात आणि शंभर अर्ज येतात. विचार करा."

आईनं कोरा कागद मागितला. उभ्यानंच, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिलं. तिचं लिहिणं तुला माहीत आहे, कोर्टाच्या अहवालासारखं, एकही शब्द जास्त नाही. हा अर्ज माझ्या नावाने आहे पण मी केलेला नाही, सबब रद्द करावा. खाली सही, तारीख, वेळसुद्धा.

तेवढ्यात प्राचार्य आतून बाहेर आले. उंच, हातात खडू. बाईंनी त्यांना काय चाललंय ते सांगितलं. त्यांनी आईचा कागद वाचला आणि विचारलं, "कायदा शिकायची तुमची इच्छा नाही का?"

"मला कोणी विचारलंच नव्हतं, साहेब. ठरलं की सांगेन."

दादा, मी पदवीला निबंधांत केवढं लिहिलंय, सत्य काय, तत्त्व काय. पाठीवर शाबासक्याही घेतल्या. पण स्वतःच्या हातात आलेली गोष्ट कोणी असं परत देताना मी पहिल्यांदा बघितलं. मला इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि त्याच वेळी त्या खोलीतल्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही माझी आई आहे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता दुसऱ्या फेरीत भर तू. चोवीसपर्यंत मुदत आहे."

ती म्हणाली, "बघू."

तिच्या "बघू"चे प्रकार आपल्याला माहीत आहेत. हा नकाराचा होता.

तुझी,
कटकट


१४ जून

दादा,

हे पत्र लिहायला मी तीन कागद फाडले. बसून वाच.

काल मी आईला सरळ विचारलं की तुझं मन का होत नाही. वयाचं म्हणाली, गुडघ्यांचं म्हणाली, तीन वर्षांनी वकिली करायची तर नोकरी सोडावी लागेल तेही म्हणाली. बाबा म्हणाले, "नोकरी सोड, मी रंगवतो की घरं. खालून ओरडायला काय लागतं?" मी एकेक कारण खोडत गेले. शेवटी ती चिडली.

"अगं, वकील होऊन असे काय दिवे लावणार आहे मी? तुझ्या दादानं लावला होता ना वकील? काय झालं? दुकान गेलंच. कागद वेळेवर पोचला, वकील मिळाला, सगळं नियमानं झालं, आणि तरी माझ्या पोराला उठवलं. मग त्या पुस्तकात आहे तरी काय?"

मी उठून आत गेले. बाबांना वाटलं, मला पटलं.

तू वकील लावला नव्हतास. समन्स आलं त्याच संध्याकाळी तू त्याचा गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलास. मी तिथेच होते. "तिनं आणलेल्या कागदाला मी उत्तर देणार नाही," असं म्हणालास, आणि मला शपथ घातलीस. सहाव्या दिवशी आईनं मला एकटीला गाठून विचारलं, "वकील लावला का गं त्यानं?" मी म्हटलं, "हो. चांगला आहे म्हणे."

मला वाटलं, घर शांत राहील. मला वाटलं, तू दोन दिवसांत निवळशील आणि खरंच लावशील, म्हणजे माझं खोटं आपोआप खरं होईल. बावीस वर्षांची होते, पण तेवढ्यानं सुटका होत नाही. तीन तारखा गेल्या. तू एकदाही गेला नाहीस आणि निकाल एकतर्फी लागला.

आईला हे अजून माहीत नाही. तुझी फाईल तिच्या ऑफिसच्या कपाटात, तिच्या खुर्चीपासून दहा पावलांवर आहे, आणि तिनं ती कधी उघडली नाही. घरच्या माणसाची फाईल बेलिफनं चाळायची नाही असा तिचा नियम आहे. तिला गठ्ठा वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांना माहीत असणार. तेही बोलले नाहीत. दुकानाचा ताबा घ्यायचा होता त्या दिवशी तिला त्यांनी आपणहून रजा दिली होती.

आता कळतंय की एक सही मी तिच्या फॉर्मवर चिकटवली, आणि त्याच्या आधी एक खोटं तिच्या मनात. त्या खोट्यावर विसंबून ती आज स्वतःला नाही म्हणतेय. वकील असूनही काही होत नाही, असं ती तीन वर्षं मानत आली आहे आणि ते माझ्यामुळे.

मला तिला सांगायचंय. पण शपथ तुझी आहे. या वेळी न विचारता काही करायचं नाही असं मी ठरवलंय. वीसपर्यंत वाट बघते.

बहीण


२२ जून

दादा,

एकोणीसला पोचपावती आली. मागच्या कोऱ्या बाजूला तुझ्या अक्षरात एकच शब्द होता, "सांग." ती पावती मी पर्समध्ये ठेवली आहे.

त्याच दुपारी सांगितलं. बाबा कामावर होते. आई वाळलेले कपडे घडी करत होती, मी समोर बसून सगळं सांगितलं. डबा, शपथ, सहावा दिवस. बाबांच्या शर्टाच्या बाह्या तिनं दुमडल्या, उलगडल्या, परत दुमडल्या.

मग विचारलं, "मी विचारलं तो सहावा दिवस होता?"

"हो."

"उत्तराला तीस दिवस असतात. म्हणजे चोवीस होते." ती भिंतीकडे बघत होती. "चोवीस दिवस होते माझ्याकडे. कानाला धरून नेलं असतं मी त्याला."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता नको," आणि घड्या घेऊन आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण डोळे वर करायची नाही. बाबा आमच्यामध्ये बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणायचे, "मी शिडीवर जाऊन बसतो. तिथे जास्त माणसं बोलतात."

काल तिनं तुझी फाईल बघितली. पण कपाट उघडून नाही. नाझरसाहेबांकडे रीतसर लेखी अर्ज केला, प्रतिवादीची आई म्हणून. ते म्हणाले, "अहो, घ्या की काढून, तुम्हाला कशाला अर्ज?" ती म्हणाली, "आज मी बाहेरची आहे." आणि बाहेरच्या लोकांच्या बाकावर जाऊन बसली. नंबर यायला दोन तास लागले.

संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"तुझ्या दादाचं दुकान कितवं होतं?"

"सतरा."

"दावा लावण्याआधी मालकानं दुकान सोडण्याची नोटीस द्यायची असते. ती दिली असं त्यानं लिहिलंय. नोटीस फाईलला लावली आहे. पत्ता काय आहे माहितेय? दुकान नंबर अकरा." तिनं पिशवी खाली ठेवली. "अकरा नंबर नऊ वर्षं बंद आहे. शटरला गंज चढलाय. तिथे चार वेळा गेले आहे मी. पोस्टमनही तिथे थांबत नाही. ही नोटीस कोणाच्याही हातात पडलेली नाही."

"मग?"

"मग काय? उत्तरात एक वाक्य लिहायचं होतं की मला नोटीस मिळालीच नाही. निदान दावा तिथे अडकला असता. दोन तास त्या बाकावर बसले आणि वीस मिनिटांत मला दिसलं. कोर्टात तीन तारखांना कोणाला दिसलं नाही, कारण दाखवायलाच कोणी नव्हतं." आणि मग हळूच, जणू स्वतःलाच, "मला दिसलं गं."

दादा, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुःख होतंच, ते मी लपवत नाही. पण त्यामागे आणखी काहीतरी होतं. सव्वीस वर्षं जिने चढून उतरून तिनं जे गोळा केलं, कुठलं शटर बंद, कुठला नंबर खोटा, कोण कुठे राहतं, त्याचा कुठे उपयोग होईल हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. कुठल्याही वकिलाला ती फाईल दिली असती तर त्यानं अकरा वाचून पान उलटलं असतं.

मग तिनं मला विचारलं, "ती दुसरी फेरी. फॉर्म कागदावर देतात का, की तुमच्या त्या मशीनवरच भरावा लागतो?"

"कागदावर पण देतात."

"आणून दे. आणून फक्त दे."

आज आणून दिला. जेवणाच्या टेबलावर बसून भरते आहे. मी दोनदा शेजारून डोकावले तर हातानं झाकला.

तुझी,
कटकट


५ जुलै

दादा,

आधी बातमी. आईला जागा मिळाली. तीन जागा होत्या, तिचं नाव तिसरं.

दुसऱ्या फेरीच्या मुलाखतीला तिच्याबरोबर मी गेले नाही, बाबा गेले, म्हणून हे बाबांच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि त्यात थोडा रंग असणारच, त्यांचा धंदाच तो. दार अर्धं उघडं होतं. प्राचार्यांनी विचारलं, "तुम्हीच ना आधी नाही म्हणून गेलात? मग आता काय बदललं?"

आई म्हणाली, "तेव्हा मला वाटत होतं की वकील असूनही उपयोग होत नाही. आता कळलं, वकील नव्हताच."

"पण तुम्ही शिकून बाहेर पडाल तोवर बावन्न व्हाल. वकिली अशी किती वर्षं करणार?"

"होईल तितकी. साहेब, तुम्ही किती वर्षं शिकवणार आहात?"

बाबा म्हणतात, आतून तिघं एकदम हसल्याचा आवाज आला, आणि त्यात सगळ्यांत मोठा प्राचार्यांचा होता. येताना बाबांनी रस्त्यात एका अनोळखी माणसाला थांबवून सांगितलं, "ही माझी बायको. वकील होणार आहे." तो माणूस घाबरून बाजूला झाला म्हणे.

नोकरी सोडायचं तीन वर्षांनी बघू, असं ठरलंय. नाझरसाहेबांनी तिला जवळची गल्ली दिली आहे, म्हणजे सहाच्या आत ती मोकळी होते. मला तिनं माफ केलंय का ते मी विचारलेलं नाही. काल ती मला म्हणाली, "हा शब्द बघ गं कोशात," आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मला तेवढं पुरलं. आणि केंद्रात मी आता मागच्या वेळची सही लावत नाही. लोक चिडतात. रांग लांबते. लांबू दे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी पत्र आईला दाखवलं. आधीची पाच पत्रंही सांगितली. ती म्हणाली, "पाच? आणि प्रत्येकाची पोच घेतलीस?" मग कागद ओढून घेतला. खालचं तिचं आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही.

तुझी,
कटकट


बाळा,

समन्स तुला दिलं ते बरोबर केलं. आजही देईन. पण देऊन पाठ फिरवली आणि तुझ्या बहिणीकडून चौकशी करत राहिले, हे चुकलं. मी बेलीफ म्हणून आले होते, ते काम झाल्यावर आई म्हणून परत यायला हवं होतं. ते केलं नाही.

तुझी फाईल पाहिली. नोटीस अकरा नंबरच्या पत्त्यावर गेली आहे. निकालाविरुद्ध अर्ज करायची मुदत संपून बरेच दिवस झाले, पण उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. माफ होईलच असं नाही, केल्याशिवाय कळणारही नाही. नकला काढून ठेवल्या आहेत. तुझ्या गावात चांगला वकील बघ आणि त्याला अकरा नंबर दाखव. मला व्हायला तीन वर्षं आहेत, तोवर थांबू नकोस.

दुकान परत मिळालं नाही तरी तू घरी ये.

संध्याकाळी सहा ते आठ माझा वर्ग असतो. तेव्हा फोन करू नकोस. बाकी कधीही कर.

आई